कवळीवाल्यांचा थोरला

दात कोरून पोट भरत नाही, असं म्हणतात. या घराचं पोट मात्र तीन पिढ्या दातांवरच भरत आलं होतं. स्वतःच्या नव्हे, लोकांच्या. आजोबांनी कवळ्या करायला सुरुवात केली. त्यांच्या मुलाने तेच काम पुढे चालवलं आणि गल्लीत त्याला कवळीवाले काका हेच नाव कायमचं चिकटलं. काकांचं खरं नाव पोस्टमनला तेवढं ठाऊक असावं.

काम तळमजल्यावरच्या लांबट खोलीत चाले. दंतवैद्य पेशंटच्या तोंडाचं माप पाठवत. त्यात प्लास्टर ओतून हिरड्यांचा साचा काढायचा, साच्यावर गुलाबी मेणाची कड चढवायची, स्पिरिटच्या दिव्यावर सुरी तापवून त्या मेणात एकेक दात रोवायचा. दात एवढासा, पण केसभर इकडेतिकडे झाला तर माणूस बोलताना थुंकतो, हसताना वाकडा दिसतो, नाहीतर सुनेने केलेली भाकरी कडक आहे म्हणून घरात भांडण लावतो. "आपली चूक लोकांच्या तोंडात जाते," असं काका म्हणत, आणि हसत.

खिडकीच्या वरच्या फळीवर घरातल्या सगळ्यांचे दात मांडलेले होते. नवं प्लास्टर किंवा माप घ्यायची नवी पावडर आली की काका ती आधी घरच्यांवर वापरून पाहत. त्यामुळे आजोबांचे बोळके जबडे, आईचे जरा पुढे आलेले दात, मुलांचे दुधाचे आणि मग पक्के, असं सगळं कुटुंब त्या फळीवर आ वासून बसलेलं असे. नवा पाहुणा ते बघून दचकायचा. मग आई म्हणायची, "घाबरू नका हो, चावत नाहीत. चावणारे जेवायला वर गेलेत."

काकांना दोन मुलं, थोरला आणि धाकटी. दोघंही त्याच बाकावर शिकली. त्यात थोरल्याचा हात असा की एक दंतवैद्य त्याला 'गवंडी' म्हणायचा. "अहो, हा ओळंबा लावून दात बसवतो," असं तो इतर डॉक्टरांना सांगे. काकांची नजर अधू झाली तेव्हा त्यांनी दात लावण्याचं काम निर्धास्तपणे थोरल्याच्या हाती दिलं आणि आपल्याकडे घासणं, चकाकी आणणं एवढंच ठेवलं.

त्या सुमारास थोरल्याला शनिवारची मित्रमंडळी मिळाली. कुणाच्या तरी रिकाम्या फ्लॅटवर जमायचं, मोठ्याने गाणी लावायची आणि पांढऱ्या पावडरची चिमूट नाकाने ओढायची. त्याला नशा म्हणायला कुणी तयार नव्हतं. सगळे 'चार्जिंग' म्हणायचे. "आठवडाभर बॅटरी उतरते रे, शनिवारी चार्जिंगला लावायची," असं बोलून एकमेकांच्या पाठीवर थापा मारायचे. थोरला आयुष्यभर अबोल, मान खाली घालून दात लावणारा. त्या खोलीत मात्र त्याला शब्द फुटायचे, तो नाचायचा, मुलींना हसवायचा. दिवसभर घरात प्लास्टरच्या पांढऱ्या पावडरीत हात बुडालेला असे. अंगाला, कपड्याला पांढरं लागलेलं कुणाच्या डोळ्यांवर यायचं कारण नव्हतं. हे असं दोन-अडीच वर्षं चाललं. मग त्यांच्यातला एक जण नाचता नाचता कोसळला, दवाखान्यात पडून राहिला, वाचला. बाकीचे पांगले. थोरल्याने त्या दिवसापासून हात लावला नाही. काही महिने तो नुसता झोपून असायचा. घरच्यांना वाटलं, कुठेतरी प्रेमभंग झाला असेल. आईने खोदून विचारलं नाही. सुंठीवाचून खोकला गेला, असं थोरल्याला वाटलं.

खोकला गेला नव्हता. वर्ष उलटल्यावर तो हातात उतरला.

आधी उजवा अंगठा. गरम सुरी मेणाजवळ नेली की अंगठा मधूनच उडी मारायचा, जशी झोपेत पापणी उडते. मग सगळं मनगट. जबडा तर आधीपासूनच त्याच्या ताब्यात नव्हता. तोंडात काही नसताना तो रवंथ केल्यासारखा दात दातांवर घासत राहायचा. कधी दंडाच्या कातडीखालून मुंग्या चालल्यासारखं व्हायचं आणि तो बाही वर करून बघायचा. शब्दही हरवायचे. एकदा धाकटीकडे त्याने मेण मागितलं, पण 'मेण' हा शब्दच येईना. "ते... ते गुलाबी दे गं," म्हणाला. धाकटी हसली. तोही हसला, आणि संडासात जाऊन बराच वेळ बसला.

प्रकरण फुटलं ते शाळेतल्या बाईंमुळे. निवृत्त होऊनही गल्ली त्यांना बाईच म्हणायची. त्या एका सकाळी रुमालात गुंडाळलेली नवीकोरी कवळी घेऊन आल्या.

"काका कुठेत? ऐका हं," असं म्हणून त्यांनी कवळी तोंडात घातली, पाठ ताठ केली आणि वर्गासमोर उभ्या राहिल्यासारखं म्हणाल्या, "सगळे शांत बसा!"

प्रत्येक 'स' आणि 'श'बरोबर बारीक शिट्टी वाजली.

"काल नातवंडांना दटावलं," बाई म्हणाल्या, "तर ती उठून उभी राहिली. त्यांना वाटलं गाडी सुटली."

धाकटीला हसू आवरेना. काकांनी कवळी उजेडात धरली. पुढचे दोन दात तिरके होते आणि त्यांची मधली रेघ टाळूचा मध्य सोडून भलतीकडे गेली होती. असलं काम या घरातून कधी बाहेर गेलं नव्हतं. काकांनी मान वर केली आणि थोरल्याकडे पाहिलं. थोरल्याने दोन्ही हात एप्रनच्या खिशात घातले.

"बाई, ही माझ्या हातची आहे," धाकटी एकदम म्हणाली. "दादाला बरं नव्हतं म्हणून मी लावले दात. घाई झाली. नवीन करून देते."

बाईंनी तिच्याकडे जरा रोखून पाहिलं. "बरं. मी लेकीकडे जाऊन येते महिनाभर. आल्यावर घेईन. तोवर जुनी घालते. तिच्यात निदान नातवंडं घाबरतात."

बाई गेल्यावरही थोरल्याला आभार मानता आले नाहीत. धाकट्या बहिणीने आपली चूक स्वतःच्या अंगावर घेतली आणि आपण खिशात हात घालून उभे राहिलो, हे त्याला दिवसभर टोचत राहिलं.

आई त्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. तिशी ओलांडलेला मुलगा आईबरोबर आला म्हणून डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी बोट नाकाला लावायला सांगितलं, सरळ रेषेत चालायला लावलं, कागदावर गोगलगाईसारखी वळणं काढायला लावली. वळणं करवतीच्या दातांसारखी आली.

"घरात कुणाला असं होतं?"

"याच्या आजोबांचे हात थरथरायचे हो," आई म्हणाली. "शेवटी शेवटी चमचाही धरता येत नव्हता."

"काही व्यसन? दारू, गोळ्या, पावडर?"

थोरला तोंड उघडणार तोच आई उसळून म्हणाली, "छे हो! माझा मुलगा चहासुद्धा तिसऱ्यांदा मागत नाही. शपथेवर सांगते."

डॉक्टर थोरल्याकडे बघत थांबल्या. त्याचा जबडा हलत होता.

"नाही," तो म्हणाला.

तेवढ्या एका शब्दाने सगळं ठरून गेलं. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली, पुन्हा यायला सांगितलं, घराण्यात आहे का ते बघावं लागेल म्हणाल्या. घरी येईपर्यंत आईच्या तोंडी 'बघावं लागेल'चं 'आहेच' झालं आणि संध्याकाळपर्यंत गल्लीत पोचलं. कवळीवाल्यांच्या रक्तातच थरथर आहे. म्हाताऱ्याला होती, आता नातवाला आली. गंमत अशी की आजोबांचा हात ऐंशी उलटेपर्यंत दगडासारखा होता आणि हे सगळ्या गल्लीने पाहिलं होतं. पण लोकांना जे सोयीचं ते आठवतं.

तेव्हापासून आई थोरल्याचा चहा अर्धाच कप भरू लागली, सांडू नये म्हणून. ती काही बोलायची नाही, नुसता अर्धा कप पुढे सरकवायची. त्या अर्ध्या कपाकडे बघवत नसे त्याला.

काकांनी एक दुपार गाठली. धाकटी माल आणायला गेली होती. थोरला प्लास्टरची घमेली धूत होता. काका शेजारी येऊन बसले, त्याच्या हातातून घमेलं काढून घेतलं आणि स्वतःच घासू लागले.

"तुला एक बोलायचं होतं," ते म्हणाले. "लहानपणी तुझे हात बघून मला फार अभिमान वाटायचा. म्हणायचो, माझ्यावर गेलाय. आता वाटतं, काय घेऊन गेलास रे माझ्याकडून! चांगलं तेवढंच घ्यायचं होतंस." ते हसायला गेले, पण जमलं नाही. "माझ्या रक्तातलं तुझ्या वाट्याला आलं. माफ कर मला."

आता बोलावं, असं थोरल्याच्या मनात आलं. शब्द आले नाहीत असं मात्र नाही. या वेळी सगळे शब्द जिभेवर होते. त्याने ते गिळले.

"असू दे, बाबा," तो म्हणाला.

बापाची माफी त्याने ठेवून घेतली.

पुढचा घाव धाकटीवर पडला. दुसऱ्या शहरात चिनी मातीचे दात करणारी मोठी कार्यशाळा होती. धाकटीने तिथे शिकायला जायचं ठरवलं होतं. हाताची परीक्षा झाली, निवड झाली, जायचा दिवसही ठरत आला. एका संध्याकाळी ती सुरी खाली ठेवून स्वतःचे हात पसरून बघत बसली.

"दादा, माझी करंगळी बघ. हलतेय ना?"

"दिवसभर बाकावर बसलीस. थकलीस."

"तुलाही आधी थकवाच वाटला होता." तिने बोटं मुठीत घेतली. "मी त्यांना उद्या कळवते, येत नाही म्हणून."

"वेडी आहेस का?"

"शिकायला लागतील तीन-चार वर्षं. तोवर माझे हातही गेले तर? तिथे सगळ्यांसमोर हात दाखवून अवलक्षण कशाला? इथे निदान घरचे आहेत हसायला. आपण दोघं मिळून घमेली धुऊ." ती हे चेष्टेत बोलली, पण तिचे डोळे भरले होते.

थोरल्याला जेवण गेलं नाही. ताटावर बसून त्याने नुसते दात खाल्ले. आपल्या 'नाही'ने बापाला गुन्हेगार केलं होतं. आता तेच 'नाही' बहिणीचे धडधाकट हात कापून नेत होतं.

सकाळी दवाखाना उघडायच्या आधी तो दारात उभा होता. या वेळी आई बरोबर नव्हती. डॉक्टरांना त्याने सगळं सांगितलं, काय घेत होता, किती काळ, कधी सोडलं. त्या लिहीत राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर धक्का नव्हता. असे अनेक जण समोर बसून गेले असावेत, आणि आपण त्या अनेकांपैकी एक आहोत, याचीच त्याला शरम वाटली.

"हे मागच्या वेळी का नाही सांगितलंत?"

"आईने शपथ घेतली होती."

"तिने घेतली होती. तुम्ही नव्हती घेतली." त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुमची लक्षणं याच्याशी जुळतात. अंगात पावडर राहत नाही, पण ती मेंदूत जे करून जाते ते काही वेळा मागे राहतं. थोडं कमी होईल. सगळं जाईल असं मी सांगत नाही. आजोबांचं म्हणाल तर ते म्हातारपणाचं होतं. बहिणीला त्याची भीती धरायचं काही कारण मला दिसत नाही."

"तिला तुम्ही सांगाल?"

"मी कशी सांगू? तुमचं गुपित आहे."

तो घरी आला तेव्हा धाकटी फोन घेऊन बसली होती. कार्यशाळा उघडायची वाट बघत होती.

"थांब," तो म्हणाला. "फोन नंतर. आधी माझं माप घे."

"कसलं माप? तुझे दात काय पडलेत?"

"घे म्हणतो ना."

ती कुरकुरत उठली. रबरी वाटीत तिने मापाची पावडर पाण्यात कालवली, पत्र्याच्या तबकडीत भरली आणि त्याच्या खालच्या जबड्यावर दाबून धरली. पहिलं माप फसलं. त्याचा जबडा तेवढा वेळही स्थिर राहिला नाही. दुसऱ्या वेळी तिने त्याची हनुवटी घट्ट धरली, लहान मुलाची धरतात तशी. "हलू नकोस, चावरा कुठला," ती म्हणाली. माप निघालं. तिने प्लास्टर ओतलं. ते सुकेपर्यंत दोघं बसून राहिली. मग थोरल्याने फळीवरून स्वतःचाच जुना साचा काढला, विशीतला, आणि दोन्ही तिच्यासमोर शेजारी ठेवले.

दातांच्या माणसाला सांगावं लागत नाही. जुन्या साच्यात दाढांवर डोंगरदऱ्या होत्या, जशा असाव्या तशा. नव्यात सगळं सपाट, जात्याच्या तळीसारखं. पुढचे दातही झिजून आखूड झाले होते.

"दात खातोस? झोपेत?"

"जागेपणी. आता सवय राहिलीये. तेव्हा पावडर घेतली की चालू व्हायचं ते सकाळपर्यंत."

"कसली पावडर?"

मग त्याने सांगितलं. शनिवार, रिकामे फ्लॅट, चार्जिंग, सगळं. तिच्याकडे न बघता, साच्यांकडे बघत सांगितलं. "रक्तात काही नाही आपल्या. तुझ्या करंगळीचा तो थकवाच आहे. आज डॉक्टरांना विचारून आलो."

धाकटीने जुना साचा उचलून फळीवर परत ठेवला. त्याला वाटलं रडेल. ती रडली नाही.

"बाईंची कवळी मी माझ्या अंगावर घेतली," ती म्हणाली. "रोज रात्री हात पसरून बघत होते. तू समोर बसून जेवत होतास."

"हो."

"हो काय हो!" तिने नवा साचा उचलून त्याच्या हातात कोंबला. "वर जा. बाबांना सांग. मी नाही सांगणार, आणि मी मध्येही पडणार नाही."

वर काका वर्तमानपत्र वाचत होते, आई खिडकीत शर्टाला बटण लावत होती. थोरल्याने सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं त्याला वाटलं होतं. उलट अवघड गेलं. काकांनी साचा हातात घेतला, दाढांवरून अंगठा फिरवला.

"म्हणजे... माझ्याकडून नाही आलं?"

"नाही, बाबा."

काकांच्या चेहऱ्यावर आधी सुटका दिसली. ती त्यांना स्वतःलाही जाणवली असावी, कारण त्यांनी घाईने मान खाली घातली. मग हळूच म्हणाले, "मी तुझी माफी मागितली होती."

"हो."

"आणि तू घेतलीस."

आईने बटणाचा दोरा दाताने तोडला. "मी डॉक्टरांसमोर शपथ घेतली," ती म्हणाली. "तू माझ्या शेजारीच बसला होतास रे." एवढंच बोलून ती उठून गेली. पण संध्याकाळी जाताजाता तिने बजावलं, "झालं ते चार भिंतींत राहू दे. बाहेर जे म्हणतात ते म्हणू देत. झाकली मूठ सव्वा लाखाची."

धाकटी गेली. जाण्याआधी तिने बाईंची कवळी स्वतःच्या हाताने नवी करून ठेवली. थोरल्याशी ती कामापुरतंच बोलली. मात्र निघताना त्याचा नवा साचा तिने फळीवर जुन्याशेजारी मांडला, उजेडाकडे तोंड करून. काका आता पुन्हा बाकावर बसू लागले, जाड भिंगाचा चष्मा लावून. थोरला माप भरायचा, साचे काढायचा, घासायचा. दात लावायचं काम त्याच्याकडे राहिलं नाही.

बाई लेकीकडून परत आल्या. नवी कवळी तोंडात घालून त्यांनी पाठ ताठ केली. "सगळे शांत बसा!" शिट्टी वाजली नाही. "वा! कुठे आहे ती मुलगी?"

"शिकायला गेली," काका म्हणाले.

"गेली? मी तर ऐकलं, तिच्याही हाताला तेच लागणार म्हणून. गल्लीत तर असं बोलतात, दंतवैद्यही काम दुसरीकडे द्यायचं म्हणतायत." बाई थोरल्याकडे वळल्या. "तुझं कसं आहे रे? आजोबांचंच ना हे?"

आई चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती. तिने थोरल्याकडे पाहिलं, आणि अगदी बारीक मान हलवली. नको.

थोरल्याने हात खिशातून बाहेर काढले. ते थरथरत होते, सगळ्यांना दिसत होते.

"आजोबांचं नाही, बाई. मी नशा करत होतो. पावडर. त्याचं आहे हे. बहिणीला काही झालेलं नाही, होणारही नाही. आणि तुमची पहिली कवळी माझ्या हातची होती. तिची नाही."

काकांचा हात कामावर थांबला.

"हे मी बाहेर सांगू का?" बाईंनी विचारलं.

"सांगा. दंतवैद्यांना तर आधी सांगा."

आई आत आली. बाईंसमोर एक कप ठेवला, काकांसमोर एक. तिसरा तिने थोरल्यासमोर ठेवला, असा की बशी बाकावर वाजली, आणि त्याच्याकडे न बघता निघून गेली. कप काठोकाठ भरलेला होता.

थोरल्याने तो दोन्ही हातांनी उचलला. चहा बशीत सांडला, एप्रनवर सांडला, बाई बघत होत्या. त्याने कप खाली ठेवला नाही. उरला तेवढा प्यायला.